न खोडलेलं मांजर

बसा हो, उभ्यानं ऐकण्यासारखी गोष्ट नाही ही. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या, मधे ठसका लागेल. एका मांजरीची दोन मांजरं कशी झाली ते सांगतो तुम्हाला. पिल्लं नाही झाली. पिल्लं काय, कुणाच्याही मांजरीला होतात. ही दोन मांजरं कागदावर झाली. आणि कागदावरचं मांजर फार जड असतं बघा, मानगुटीला धरून उचलता येत नाही.

तर आमच्या संकुलात तिसऱ्या मजल्यावर एक सुतार राहतो. दारं-चौकटी बसवण्यात हात धरणारा कोणी नाही. इमारतीतली निम्मी दारं त्यानं बसवलेली, आणि सगळी नीट लागतात. फक्त त्याच्या स्वतःच्या घराचं दार कधी लागत नाही, कारण त्यात मांजर बसलेलं असतं. तिचं नाव पटाशी. पटाशी म्हणजे सुताराचं ते धारदार पातं, लाकूड कोरायचं. हिचा पंजाही तसाच. एकदा लागला की ढलपीच निघते.

घरात माणसं तीन. सुतार, त्याची बायको, आणि बायकोची आई. बायको लॉन्ड्रीत सकाळच्या पाळीला जाते. सासूबाई घरीच असतात, आणि सासूबाई जावयाशी बोलत नाहीत. झाली चार वर्षं. कारण विचाराल तर स्वयंपाकघरातली फळी. सुतारानं ती बसवली मापात, पण स्वतःच्या मापात. सासूबाई त्याच्या खांद्यालाही पोचत नाहीत. डबा काढायचा तर स्टूल, ठेवायचा तर स्टूल. "माणसाचं माप घेता येत नाही आणि म्हणे सुतार," हे त्यांचं जावयाला थेट बोललेलं शेवटचं वाक्य. त्यानंतरचं सगळं पटाशीच्या मार्फत.

"पटाशे, जावईबापूंना सांग, चहा ओतलाय. निवला तर मला दोष नको."

"पटाशे, आईंना सांग, साखर कमी पडलीय."

"सांग त्यांना, साखर तेवढीच आहे. जीभ जड झालीय."

पटाशी मधे बसून एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. चार वर्षांत एक निरोप इकडचा तिकडे झाला नाही. घर त्या मांजरीवर चालत होतं, असं सुताराची बायको म्हणायची, आणि ती उगाच काही म्हणणारी बाई नाही.

आता सेक्रेटरी. हे गृहस्थ एकतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक टेबलावर बसले. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, मधल्या काळात कागदाचं काय होतं ते त्यांनी कधी बघितलं नाही, कारण ते दुसऱ्या टेबलाचं काम. निवृत्त झाले आणि संकुलाचे सेक्रेटरी झाले. समोर सगळे साहेब म्हणतात, मागे आवकजावक. घरात भाजीची पिशवी आली तरी आवक क्रमांक पडल्याशिवाय बायकोला विळी लावू देत नाहीत, असं मी ऐकलंय. बघितलं नाही, तेव्हा खोटं कशाला बोलू.

तर एका सोमवारी त्यांनी फळ्यावर सूचना लावली. "समस्त मार्जारधारकांस कळविण्यात येते की, आपापल्या मार्जाराचे आवश्यक ते लसीकरण करून घेऊन विहित नमुन्यात माहिती सादर करावी. कसूर झाल्यास सदर मार्जारास संकुलाबाहेर करण्यात येईल."

मार्जार म्हणजे काय, हे पहिले दोन दिवस कुणाला कळलं नाही. तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या बाईंना वाटलं पाइपलाइनचं काहीतरी काम आहे. त्यांनी सगळ्या बादल्या भरून ठेवल्या. दुसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला सगळ्यांना सांगत सुटला, मार्जार हा गुडघ्यातला एक स्नायू आहे, वॉर्मअप न करता पळालं की धरतो. शेवटी वॉचमननं उलगडा केला. "मांजर हो, मांजर." मग बादल्या रिकाम्या झाल्या.

पण पुढचा घोटाळा "आवश्यक ते" या दोन शब्दांचा होता. आवश्यक म्हणजे किती? सुतार पटाशीला निळ्या पिशवीत घालून जिन्यावरून उतरला आणि प्रत्येक मजल्यावर एकेक लस वाढत गेली. व्यायामवाला म्हणाला, "सगळ्या टोचा, बॉडी तयार होते." शिलाईवाल्या बाई म्हणाल्या, "एकही नको हो. आमच्या आजोबांच्या मांजरानं जन्मात सुई बघितली नाही. एकवीस वर्षं जगलं." सुतारानं विचारलं, "आणि आजोबा?" बाई म्हणाल्या, "ते लवकर गेले. मांजरच चावलं होतं." एकानं फोनवर आलेली यादी दाखवली. त्यात अकरा लसी होत्या, पैकी दोन कोंबड्यांच्या आणि एक तर गच्ची गळते त्यावर लावायची होती.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई मात्र सरळ माणूस. टेबलावर पटाशी, पटाशीवर सुताराचे दोन्ही हात, सुताराच्या हातावर तीन ओरखडे, त्यातला एक अंगठ्यावर. बाई म्हणाल्या, "दोन तर हव्यातच. एक तिहेरी, एका सुईत तीन रोगांची. दुसरी रेबीजची. तिसरी एक असते, मांजरांच्या ल्युकेमियाची. ती एका मांजराकडून दुसऱ्याला होते. या वयाच्या मांजराला, ते बाहेर हिंडत असेल, मारामाऱ्या करत असेल, तरच. ही घरातली की बाहेरची?"

"दारातली."

"म्हणजे?"

"म्हणजे दार उघडायला लावते आणि उंबऱ्यावर बसते. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन घरात. मधेच आत येते, मधेच बाहेर जाते, पण पायपुसण्याच्या पुढे नाही."

"दुसरं मांजर भेटतं कधी?"

"लिफ्टच्या आरशातही नाही."

डॉक्टरीणबाई हसल्या. "उंबऱ्याची वेगळी लस नसते. दोन पुरे." टोचलं, पुस्तिकेत चिकटपट्ट्या लावल्या, सही केली, पुढच्या खेपेची तारीख टाकली. बघा, किती सोपं काम. मांजरापुरतं ते तिथंच संपलं होतं. पण माणसापुरतं अजून सुरूही झालं नव्हतं.

कारण विहित नमुना भरायचा राहिला होता. मालकाचं नाव, मजला, मार्जाराचा रंग, शेपटी (संख्या), सगळं भरून झालं. शेवटची ओळ होती, "मार्जाराचा प्रकार: घरातले / बाहेरचे. लागू नसेल ते खोडा."

सुतार पेन घेऊन अर्धा तास बसला. सुतार माणूस प्रामाणिक असतो, त्याला मापात खोटं बोलता येत नाही. उंबरा आत की बाहेर, हे त्याला उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. चौकटीचं लाकूड निम्मं आतल्या भिंतीत, निम्मं बाहेरच्या. त्यावर मांजर. मग यातलं लागू नाही ते कुठलं? दोन्ही लागू आहे. म्हणून त्यानं काहीच खोडलं नाही, आणि कागद देऊन आला.

आठ दिवसांनी पत्र आलं. "आपणाकडे दोन मार्जार असल्याचे दिसून येते. पैकी घरातले मार्जार लसीकृत. बाहेरचे मार्जार अद्याप अनुपस्थित. तसेच नियम सातनुसार एका घरात एकच प्राणी अनुज्ञेय असल्याने जास्तीचे मार्जार येत्या शुक्रवारी सायंकाळी पाचपूर्वी संकुलाबाहेर करावे."

सुतार धावत ऑफिसात. ऑफिस म्हणजे पंपाच्या खोलीतली अर्धी जागा. एका बाजूला पंप, एका बाजूला साहेब, दोघंही एकसुरात चालू.

"साहेब, मांजर एकच आहे."

"तुम्ही दोन लिहिलीत."

"मी कुठं लिहिलं?"

"घरातले, बाहेरचे. खोडायचं होतं एक. खोडलं नाहीत, म्हणजे दोन्ही आहेत. एका माणसाचं एकदा लग्न झालंय की दोनदा, तेसुद्धा असंच ठरतं."

"द्या इकडे, आत्ता खोडतो."

सेक्रेटरींनी कागद छातीशी धरला. "दाखल झालेल्या कागदावर खाडाखोड? वेडबिड लागलंय का तुम्हाला?"

"अहो, तुम्हीच लिहिलंय ना खाली, खोडा म्हणून?"

"आवक क्रमांक पडायच्या आधी केलं तर ते खोडणं. नंतर केलं तर खाडाखोड. इतका साधा फरक कळत नाही?"

मग सुतारानं विचारलं, दुसरं मांजर नाहीच असा दाखला मिळेल का. मिळेल, साहेब म्हणाले, तशी सोय आहे. मात्र जे मांजर नाही ते ओळख पटवण्यासाठी समक्ष हजर करावं लागेल.

त्याच संध्याकाळी फळ्यावर नवीन सूचना. लस न घेतलेलं एक मार्जार संकुलात मोकाट आहे, रहिवाशांनी सावध राहावं. रंग भुरा. शेपटी एक.

आणि काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या दिवसापासून ते मांजर सगळ्यांना दिसायला लागलं. शिलाईवाल्या बाईंचं दूध सांडलं, त्यानं. चौथ्या मजल्यावरचा एक मोजा हरवला, त्यानं. एकजण कामावर उशिरा पोचला, तर त्यानं लेखी दिलं की मांजर आडवं गेलं नाही, उभं राहिलं. व्यायामवाल्याच्या तर ते डोळ्यात डोळे घालून बघत होतं म्हणे. "पटाशी नव्हती," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "पटाशीला मी ओळखतो. ही बाहेरची होती. नजरच वेगळी."

सेक्रेटरींनी वॉचमनला सुताराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसवलं आणि हातात मार्जार आवक-जावक नोंदवही दिली. वॉचमन इमानी माणूस. जे दिसेल ते लिहायचा. सात दहाला मांजर बाहेर आलं. सात बाराला मांजर आत गेलं. सात तेराला बाहेर. सात तेरालाच आत. पटाशीला वाटलं हा माणूस आपल्यासाठीच बसवलाय, ती आणखी फेऱ्या घालायला लागली. संध्याकाळी साहेबांनी बेरीज केली. आवक तेवीस, जावक चोवीस.

"बघा," साहेब विजयी चेहऱ्यानं म्हणाले. "आत आलेल्यापेक्षा एक मांजर जास्त बाहेर गेलंय. हे कुठून आलं?"

"साहेब, तुम्ही वही बंद केलीत तेव्हा ती बाहेर बसली होती."

"वही बंद झाल्यावरच हिशेब कळतो माणसाला," साहेब म्हणाले.

मग सुतारानं डोकं लढवलं. पटाशीला निळ्या पिशवीतून नेलं होतं, आता टोपलीतून नेलं. गळ्यात लाल फीत बांधली. डॉक्टरीणबाईंपुढं टोपली ठेवली आणि म्हणाला, "ही दुसरी. बाहेरची. हिला ती तिसरी टोचा आणि वेगळी पुस्तिका द्या."

बाईंनी टोपलीत बघितलं, मग सुताराकडे. पटाशीनं तेवढ्यात सुताराच्या अंगठ्याला चावा घेतला, बरोबर जुन्या ओरखड्याच्याच जागी.

"हिला दोन आठवड्यांपूर्वी मी टोचलंय," बाई म्हणाल्या.

"सारखी दिसतात हो मांजरं."

"अंगठे नाही दिसत." बाईंनी आधी त्याचा अंगठा साबणानं धुतला, मग माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घ्यायला बजावलं. "मांजरीला जेवढं हवं तेवढं मी दिलंय. त्याच्यावर एक थेंब देणार नाही. तुमच्या कागदाला काय रोग झालाय ते मला बघता येत नाही." तरी भल्या बाई त्या, चिठ्ठी लिहून दिली. "या मांजरीस आवश्यक त्या सर्व लसी दिल्या आहेत. दुसरे मांजर नाही."

सेक्रेटरींनी चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, खाली करून वाचली. "दुसरे मांजर नाही. म्हणजे डॉक्टरांकडे नाही. आमच्याकडे नाही. तुम्ही म्हणता तुमच्याकडे नाही. म्हणजे मोकाटच आहे, असं आता डॉक्टरांनीही मान्य केलं." त्यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला. "आता प्रश्न उरला हलवण्याचा. दोनपैकी एक मार्जार शुक्रवारी हलवायचं. बाहेरचं सापडत नाही. म्हणून घरातलं हलवण्यात येईल."

"पण तिलाच तर लस दिलीय."

"म्हणूनच. लस दिलेलं मार्जार हलवायला सुरक्षित असतं. हलवणाऱ्याला काही झालं तर?"

सुतार घरी आला आणि खुर्चीत बसला. बायको कामावरून आली होती, तिनं सगळं ऐकून घेतलं. "एक शब्द खोडता आला नाही तुम्हाला?"

"खोटं कसं खोडू?"

"खरं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? फॉर्म भरायचा होता."

सासूबाई कोपऱ्यात बसून पटाशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पटाशीला काहीच पत्ता नव्हता, ती झोपली होती. मग आवाज आला, "उठा. चप्पल घाला."

सुतारानं सवयीनं पटाशीकडे बघितलं. पटाशी झोपलेलीच. त्यानं बायकोकडे बघितलं. बायको सासूबाईंकडे बघत होती.

"तुम्हालाच म्हणतेय जावईबापू. मांजर झोपलंय, दिसत नाही? चला माझ्याबरोबर."

चार वर्षांनी कानावर पडलेला आवाज तो. सुतार इतका गोंधळला की वेगवेगळ्या जोडांमधल्या चपला घालून निघाला. सासूबाईंनी पटाशीला तशीच झोपलेली उचलली आणि खांद्यावर टाकली.

ऑफिसात सेक्रेटरी, पंप, आणि वही घेऊन वॉचमन. सासूबाई समोरच्या खुर्चीत बसल्या, पटाशीला टेबलावर आवक-जावक रजिस्टरच्या बरोबर मधे ठेवलं, आणि साहेबांकडे ढुंकूनही न बघता म्हणाल्या, "पटाशे, साहेबांना विचार, तुला घराबाहेर काढायचं ठरलंय ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय."

साहेब म्हणाले, "बाई, माझ्याशी बोला."

"सांग त्यांना, मी परक्या पुरुषमाणसाशी वाद घालत नाही."

पटाशीनं मान वळवून साहेबांकडे बघितलं. आता ती नजर अशी, की तिला उत्तर दिल्याशिवाय माणसाला बरं वाटत नाही. साहेब खाकरले. "हे बघ," ते पटाशीला म्हणाले, "नियम सात. त्यात माझं काही नाही. वैयक्तिक तर मुळीच नाही."

"विचार त्यांना, दुसरं मांजर कुणी बघितलंय?"

"अगं, रजिस्टरला नोंद आहे ना तुझी. तुमची. दोघींची."

"विचार, मग नोंद जाते कशी?"

साहेब टेबलावर वाकले, पटाशीच्या कानाजवळ गेले आणि आवाज खाली आणला. एकतीस वर्षांत त्यांनी हे कुठल्या माणसाला सांगितलं नसेल. "एकच वाट आहे. कागदावरचं मांजर कागदावरच मरायला हवं. पंचनामा. सदर मार्जार मृत पाहिले, असा. दोन पंचांच्या सह्या. घरचे चालत नाहीत, संकुलातले चालत नाहीत, सगळ्यांनी ते जिवंत पाहिल्याचं लेखी दिलंय. पंच बाहेरचेच हवेत. शुक्रवारी पाचच्या आत कागद आला तर मी जावक मारतो. पाच वाजून एक मिनिट झालं तर तुझा नंबर."

एवढं बोलून ते सरळ झाले आणि त्यांनी कामकाजाच्या वहीत लिहिलं, "मार्जाराशी समाधानकारक चर्चा झाली."

बाहेर येताना सासूबाई सुताराला थेट म्हणाल्या, "ऐकलंत ना?" तो "हो आई," म्हणाला. जिना चढेपर्यंत दोघं तसेच, काय बोलावं ते कुणाला सुचेना. दारात आल्यावर सासूबाईंनी पटाशीला उंबऱ्यावर ठेवलं आणि हुश्श करून म्हणाल्या, "पटाशे, सांग त्यांना, पंच शोधायला लागा म्हणावं." सुतारालाही जरा मोकळं वाटलं.

पहिला पंच मिळाला. सुताराला लाकूड देणारा वखारवाला. तो ट्रकमधून ओंडके उतरवून घेत होता, त्यानं कागद ट्रकच्या फळीवर ठेवला, सही केली आणि मग विचारलं, कशाचं आहे. दुसऱ्या सहीसाठी सुतार डॉक्टरीणबाईंकडे गेला होता. त्या म्हणाल्या, जे जन्मलंच नाही त्याच्या मरणाची सही मी कशी करू? खरंच आहे त्यांचं. शिकलेल्या माणसांचा हा त्रास असतो.

आज शुक्रवार. चार वाजून चाळीस मिनिटं झालीत. खाली पंपाच्या खोलीत साहेब घड्याळ पुढ्यात ठेवून बसलेत, वॉचमननं पोतं आणून ठेवलंय. वर सासूबाई पटाशीला मांडीवर घेऊन बसल्यात आणि अर्ध्या तासात पाच वेळा तिला विचारून झालंय, की आला का तो बाहेरचा माणूस.

तुम्ही आमच्या संकुलात राहत नाही. नातं नाही, गोतं नाही. मांजर तुम्ही जिवंत बघितलं नाही, मेलेलं बघितलं नाही, म्हणजे तुमच्यासारखा निःपक्ष माणूस शोधून सापडायचा नाही. असं बघू नका माझ्याकडे. फोनवर ते लांबलचक काहीतरी येतं, खाली 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत', तिथं आजवर कितीदा बोट टेकवलंत, आठवा जरा. त्यात कुणाची मांजरं होती आणि कुणाची माणसं, बघितलं होतं का तुम्ही? हे तर एकच मांजर आहे, आणि तेही नसलेलं.

हा घ्या पेन. इथं, वखारवाल्याच्या खाली, सही करा. अहो, वाचत कसले बसलाय, करा ना.